गुळाचा चहा, शुगर-फ्री गोळी की साधी साखर? आधी घरातल्या डब्याचा हिशोब करा

उमरखेड : चहाच्या टपरीवर हल्ली एक बोलणं हमखास कानावर येतं. "काका, तुम्हाले शुगर हाय ना? मंग चहा कसा काय चालते?" त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "गुळाचा हाय ना बाप्पा, गुळानं काय होते?" आणि दुसऱ्या कपाची ऑर्डर जाते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या. मेडिकलमध्ये गोळ्यांच्या डब्या आल्या, किराणा दुकानात शुगर-फ्रीच्या पुड्या आल्या. कुणी मध घालतो, कुणी खडीसाखर, कुणी ब्राऊन शुगर मागवतो. दुधाच्या जागी डेअरी व्हाइटनर आणि कॉफीत टाकायची पांढरी क्रीमर पावडर आली. यातलं चांगलं काय, हे ज्याचं त्यानं ठरवून टाकलं आहे. पण शुगर असलेल्या माणसाने चुकीचं ठरवलं, तर त्याची किंमत पुढे डोळ्यांना, किडनीला आणि पायांना मोजावी लागते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आपल्या तालुक्याला साखर परकी नाही

पैनगंगेच्या काठाला ऊस आहे. पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना हा या भागाच्या राजकारणाचा आणि संसाराचा भाग राहिला आहे. पाहुणा आला की आधी गूळ-पाणी, मग चहा, ही आपली रीत. फिका चहा पुढे करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं मानणारी घरं आजही मुळाव्यापासून ढाणकीपर्यंत सापडतील. त्यामुळे साखर कमी करायची म्हटलं की तो फक्त तब्येतीचा प्रश्न राहत नाही, त्यात मानपान येतो.

दुसरीकडे आजाराचे आकडे बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटींहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचं प्रमाण शहरात जास्त असलं, तरी उंबरठ्यावरचे लोक खेड्यातही शहराच्या तोडीचेच निघाले. "शुगर म्हणजे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार" हा समज आता सोडून द्यावा लागेल.

मुद्दा एका चमच्याचा नाही, दिवसभराच्या चमच्यांचा आहे

चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम. शिगोशिग भरला तर ६-७ ग्रॅमवर जातो. आता एका साध्या माणसाचा दिवस धरा. सकाळी उठल्यावर एक चहा, अंघोळीनंतर दुसरा, अकराच्या सुमारास टपरीवर तिसरा, चार वाजता चौथा, संध्याकाळी कुणाकडे गेलो तर पाचवा. प्रत्येकात दीड चमचा धरला तरी एका कपात सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३५ ग्रॅम साखर फक्त चहातून. बिस्किट, टोस्ट, पेढा, थंड पेय यांचा हिशोब वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, साधारण पाच-सहा चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेतही साखर २०-२५ ग्रॅमच्या आसपास ठेवायचा सल्ला आहे.

हे ग्रॅम रोज कोण मोजणार? त्यासाठी सोपी युक्ती आहे. २५ ग्रॅम गुणिले ३० दिवस म्हणजे ७५० ग्रॅम. माणसी महिन्याला पाऊण किलो. घरात चार माणसं असतील तर महिन्याला तीन किलो. या तीन किलोंत गूळही धरायचा, मधही धरायचा.

आता किराण्याची यादी काढा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर येत असेल, तर माणसी रोज ४१ ग्रॅमच्या वर जाते. वर किलोभर गूळ आणत असाल तर सहा किलो झाले, म्हणजे माणसी ५० ग्रॅम. बाहेरचा चहा आणि मिठाई यात धरलेलीच नाही. घरी पाहुण्यांचा राबता असेल तर थोडं वजा करा. तरीही आपण कुठे उभे आहोत, हे पाच मिनिटांत कळतं.

शेतात दिवसभर राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाचं शरीर जास्त उष्मांक जाळतं. त्याची मर्यादा थोडी वर जाईल. पण तिथे दुसरीच अडचण असते. सकाळी दोन कप गोड चहा पिऊन भूक मारायची आणि उपाशीपोटी कामाला लागायचं. ती ताकद तासाभराची असते. त्यापेक्षा अर्धी भाकर आणि थोडी डाळ पोटात गेलेली बरी.

गूळ : चांगला आहे, पण औषध नाही

आता सर्वात मोठ्या गैरसमजाकडे येऊ. गूळ आणि साखर दोन्ही उसाच्याच रसाचे. साखर करताना रस साफ करून त्यातले फक्त गोड स्फटिक वेगळे काढतात. गुऱ्हाळात तोच रस कढईत आटवून ढेप पाडतात, त्यामुळे उसातले थोडे क्षार आणि रंग गुळात राहतात. फरक इतकाच आहे. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि उष्मांकही जवळजवळ तेवढेच. रक्तात गेल्यावर शरीर "हा गुळाचा, हा साखरेचा" असा भेद करत नाही. शुगर चढायची ती चढतेच.

उलट गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो. त्यामुळे हात सैल सुटतो आणि गुळाचा खडा मोठा पडतो. गुळाच्या चहात आपण बरेचदा जास्तच गोड खातो ते असं. मधुमेह असलेल्या माणसाने गुळाचा चहा "चालतो" म्हणून दिवसातून चार वेळा पिणं म्हणजे साखरेचाच चहा दुसऱ्या नावाने पिणं.

"पण गुळात लोह असते ना? अंगात रक्त वाढते." बरोबर आहे, लोह असतं. पण किती? एका कपात दहा ग्रॅम गूळ घातला तर त्यातून फार तर एखादा मिलिग्रॅम लोह मिळेल, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शिवाय चहा-कॉफीतले टॅनिनसारखे तुरट घटक लोहाला बांधून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. म्हणजे गुळातून थोडंफार मिळालं ते चहाने अडवलं.

ही गोष्ट घरातल्या बायांनी आणि मुलींनी विशेष ध्यानात ठेवावी. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा. गोळी लिंबूपाण्यासोबत किंवा साध्या पाण्यासोबत घेतली तर अंगी लागते. गूळ खायचाच तर शेंगदाण्यासोबत, तिळासोबत खा, चहात नको.

ज्यांना शुगर नाही त्यांनी गुळाचा चहा आवडीने प्यावा, काही बिघडत नाही. फक्त पाऊण किलोच्या हिशोबात तो धरावा. विकत घेताना फार पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. रंग उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी रसायन घालतात. काळपट-तांबूस गूळ दिसायला साधा, पण घ्यायला बरा. आणि दूध फाटतं ही तक्रार असेल, तर पाणी, चहापत्ती आणि गूळ आधी उकळून घ्या, गॅस बंद करा, मग वेगळं तापवलेलं दूध वरून ओता.

मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर

खडीसाखर म्हणजे साखरच, फक्त खडे मोठे. ब्राऊन शुगर म्हणजे साखरेला मळीचा हलका हात लागलेला, म्हणून रंग तपकिरी. तिचा भाव जास्त, फायदा नावापुरता. मधात फळातली आणि साधी अशा दोन्ही साखरा असतात. तो थोडा जास्त गोड लागतो, म्हणून कमी लागतो, एवढाच त्याचा लाभ. शुगरच्या पेशंटसाठी मधही साखरेतच मोजायचा. आणखी एक, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका. त्यातले काही जंतू मोठ्यांना पचतात, बाळाला ते जिवावर बेतू शकतात.

शुगर-फ्री गोळी : कुणासाठी, किती

या गोळ्या-पुड्यांत मुख्यतः चार नावं दिसतात. सॅकरिन, ॲस्पार्टेम, सुक्रालोज आणि स्टिव्हिया. पहिली तीन कारखान्यात तयार होतात, स्टिव्हिया एका झाडाच्या पानांतून काढतात. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असतं, सुक्रालोज ६०० पट. म्हणून राईएवढ्या गोळीने कप गोड होतो आणि उष्मांक जवळपास शून्य राहतात.

मधुमेह आहे आणि गोड चहा सुटतच नाही, अशा माणसासाठी गोळी हा साखरेपेक्षा बरा मार्ग आहे. रक्तातली साखर ती चढवत नाही. पण चार गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, वजन कमी होईल म्हणून या गोळ्यांवर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये तसा सल्ला दिला आहे. बरीच वर्षं वापरल्याने वजनात टिकाऊ घट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं आहे. म्हणजे पेशंटने घाबरून गोळी टाकून परत साखरेकडे वळू नये.

दुसरी, कॅन्सरची भीती. जुलै २०२३ मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला "कर्करोगाची शक्यता असू शकते" या गटात टाकलं आणि मोबाइलवर मेसेज फिरू लागले. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, एवढाच. त्याच वेळी अन्नातल्या घटकांची सुरक्षित मात्रा ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीने आधीची मर्यादा कायम ठेवली. ती आहे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. एका गोळीत वीसेक मिलिग्रॅम धरलं तर ती मर्यादा १२० गोळ्यांवर येते. दिवसाला चार-पाच गोळ्या घेणारा त्याच्या जवळपासही जात नाही.

तिसरी, वापरायची पद्धत. ॲस्पार्टेम जास्त वेळ उकळलं तर त्याचा गोडवा जातो. म्हणून गोळी भांड्यात टाकून उकळू नका, कपात ओतल्यावर टाका. सुक्रालोज उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. पुडी किंवा पावडर घेत असाल तर मागचं बारीक अक्षरातलं वाचा. "स्टिव्हिया" लिहिलेल्या पुडीत कधी कधी स्टिव्हिया चिमूटभर आणि बाकी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेलं असतं. हे दोन्ही रक्तातली साखर वाढवतात.

चौथी, लहान मुलांना या गोळ्या देऊ नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या. फेनिलकिटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार असलेल्यांना ॲस्पार्टेम चालत नाही, पाकिटावर तशी सूचना असते.

शुगर एकदम उतरली तर गोळी कामाची नाही

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाने जेवण चुकवलं, उन्हात जास्त काम केलं, तर रक्तातली साखर अचानक खाली येऊ शकते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यापुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी घरचे घाईघाईत चहा करून देतात आणि सवयीने त्यात शुगर-फ्री गोळी टाकतात. तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिच्यात साखरच नसते.

अशा वेळी खरी साखर लागते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजा. पंधरा मिनिटं वाट बघा. फरक नसेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की भाकर-पोळी काहीतरी खाऊ घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून जीव जाऊ शकतो. सरळ दवाखाना गाठा. ज्या घरात इन्सुलिन आहे, त्या घरात शुगर-फ्रीच्या डबीशेजारी साखरेचा डबाही असलाच पाहिजे. शेतात जाताना खिशात साखरेची पुडी हवी.

दूध, व्हाइटनर आणि क्रीमर

गोडाइतकंच लक्ष पांढऱ्याकडेही द्यायला हवं. खेड्यात दूध घरचं किंवा शेजारचं असतं, ही आपली मोठी जमेची बाजू. ताजं दूध हे चहा-कॉफीसाठी सर्वात चांगलं. म्हशीच्या दुधात फॅट ६-७ टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. पिशवीच्या दुधात फुल क्रीम ६ टक्के, टोन्ड ३ टक्के, डबल टोन्ड दीड टक्का. एका कपात आपण पाव कप दूध घालतो, त्यामुळे ज्याला हृदयाचा त्रास किंवा वजनाची अडचण नाही त्याने दुधाची फार चिंता करू नये. ज्यांना आहे त्यांनी साय काढलेलं किंवा टोन्ड दूध वापरावं.

दूध मिळत नाही तेव्हा पाकीट येतं आणि इथे फसगत होते. "दूध पावडर" म्हणून आणलेल्या पाकिटावर नीट पाहिलं तर बरेचदा "डेअरी व्हाइटनर" लिहिलेलं असतं. त्यात साखर आधीच घातलेली असते. वरून आपण नेहमीचे दोन चमचे टाकतो. शुगरचा माणूस म्हणतो, "म्या तं साखर घेतच नाही, तरी वाढली कशी?" ती इथून वाढली. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात तर ४० टक्क्यांच्या वर साखर असते. ते मिठाईचं साहित्य, चहाचं नव्हे. आणि यातलं काहीही तान्ह्या बाळाला दुधाऐवजी पाजू नका.

कॉफीसाठी मिळणारी बिनदुधाची क्रीमर पावडर वेगळीच चीज. पांढरी आहे, दाट करते, पण तिच्यात दूध जवळपास नसतंच. ग्लुकोज सिरप, पामचं तेल आणि दुधातलं एक प्रथिन एवढ्यावर ती उभी असते. तेल हायड्रोजनेटेड असेल तर त्यात ट्रान्स फॅट येऊ शकतं, जे हृदयाला वाईट. देशात १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात कारखान्यातल्या ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे धोका कमी झाला. तरी साखर आणि तेल राहतंच.

बँकेत, दवाखान्यात, पेट्रोल पंपावर बटण दाबून चहा-कॉफी देणारं मशीन असतं. त्यातल्या बऱ्याच पुड्या तयार मिश्रणाच्या असतात. साखर, दुधाची पावडर आणि चहा-कॉफी एकत्र. त्यातली साखर वेगळी काढता येत नाही. शुगरच्या माणसाने "बिनसाखरेचा आहे का?" असं आधी विचारावं, नसेल तर घरी जाऊन प्यावा.

पाकीट वाचायची एकच किल्ली लक्षात ठेवा. घटकांची यादी वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने छापावी लागते. जे पहिलं, ते सर्वात जास्त. "थ्री इन वन" कॉफीच्या पुडीवर पहिलं नाव साखरेचं दिसलं, तर ती साखरेची पुडी आहे, कॉफी तिच्यात चवीपुरती.

आपल्याकडे सोयाबीन पोत्याने पिकतं, मग सोया दूध का नाही, असाही प्रश्न येतो. दूध पचत नाही त्यांच्यासाठी ते चांगलं. प्रथिनं गाईच्या दुधाच्या जवळपास असतात. घरी करायचं तर सोयाबीन रात्रभर भिजवून, साल काढून, वाटून, गाळून, मग खळखळून उकळायलाच हवं. कच्चं पिऊ नये, पोट बिघडतं. कडक कॉफीत ते फाटू शकतं, म्हणून आधी सोया दूध गरम करा आणि कॉफी त्यात हळूहळू मिसळा. विकतचं घेत असाल तर साखर न घातलेलं बघून घ्या.

अभ्यासिकेतली कॉफी

पोलीस भरती, स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी रात्री जागायला कॉफी पितात. झटपट कॉफी कडू लागते, म्हणून अडीच-तीन चमचे साखर जाते. रात्रीतून तीन कप झाले की ४० ग्रॅम साखर पोटात. थोड्या वेळाने सुस्ती येते, मग चौथा कप. स्वस्त कॉफीच्या पाकिटात चिकोरी मिसळलेली असते. नियमाने कॉफी निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ५१ टक्के असली तरी चालते. चिकोरीमुळे रंग गडद येतो आणि कडवटपणा वाढतो. उपाय साधा आहे. चमचाभर ऐवजी अर्धा चमचा पावडर घ्या, दूध थोडं वाढवा. कडूपणा कमी झाला की साखर आपोआप कमी लागते.

कमी करायचं कसं?

हाच नियम चहाला लागतो. आपला चहा खूप उकळलेला असतो. पत्ती जितकी उकळाल तितका तुरटपणा उतरतो आणि तो झाकायला साखर लागते. टपरीवरच्या भांड्यात सकाळची पत्ती दुपारपर्यंत उकळत असते, म्हणून तो चहा साखरेशिवाय गळ्याखाली उतरत नाही. घरी पत्ती थोडी कमी टाका, दोन-तीन मिनिटांत गाळून घ्या. अद्रक, विलायची, गवती चहा, तुळस घाला. वास भरून आला की साखरेची उणीव कमी भासते.

एकदम बंद करू नका, टिकत नाही. दोन चमचे घेत असाल तर या आठवड्यात पावणेदोन, पुढच्या आठवड्यात दीड, असं उतरत या. जीभ काही आठवड्यांत सरावते. दोन महिन्यांनी जुना चहा कुणी दिला तर तोच पाकासारखा लागेल. डब्यातला चमचा बदलून छोटा ठेवा आणि सपाट भरा. कप लहान करा.

भांड्यात सगळ्यांची साखर एकत्र टाकायची पद्धत मोडा. चहा फिका करा आणि साखरेचा डबा चमच्यासह ताटात ठेवा. पाहुणा आपल्या हाताने घेईल, मानही राहील आणि घरातल्या आजोबांचा चहा वेगळा करायचा त्रासही वाचेल. "काकू, मले अर्धाच चमचा" असं पाहुण्याने सांगितलं तर आग्रह करू नका. आग्रहाने दिलेली साखर त्यालाच पचवायची असते.

लहान पोरांना सकाळी चहा-पोळी देणं शक्य तितकं कमी करा. दूध-पोळी, वरण-पोळी द्या. चहाने त्यांची भूक मरते आणि लोह अडतं.

मग निवड कोणती?

शुगर नसेल तर साखर, गूळ, मध यातलं आवडेल ते घ्या, पण माणसी पाऊण किलोच्या आत. मधुमेह असेल किंवा उंबरठ्यावर असाल तर पहिली पसंती फिका चहा, नाही जमला तर मोजून गोळी. गूळ, मध, खडीसाखर यांना वेगळी सूट नाही. आणि गोड बंद करायच्या नादात डॉक्टरांची औषधं स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. दुधात ताजं दूध पहिलं, मग साखर नसलेली दूध पावडर, व्हाइटनर अडचणीपुरतं, क्रीमर टाळलेलं बरं.

वय तिशीच्या पुढे गेलं असेल तर गावातल्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमातून ती तपासणी मोफत होते, आशाताईंना विचारलं तर त्या सांगतील. शुगर बरीच वर्षं न दुखता राहते, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या वेळी बाजाराला जाण्याआधी किराण्याची चिठ्ठी लिहाल, तेव्हा साखर आणि गूळ यांच्यासमोरचे आकडे बेरजेला घ्या आणि घरातल्या माणसांनी भागा. उत्तर पाऊण किलोच्या वर आलं, तर या महिन्यात एक किलो कमी लिहा.

(ही माहिती सर्वसाधारण वाचकांसाठी आहे. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आहारात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.)